सहावा घास

"पाहुणे आधी." डबा उघडला की आमचे कलर मास्टर एवढंच म्हणायचे आणि भाकरीचा पहिला तुकडा समोरच्याच्या हातावर ठेवायचे. सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये मी ऑफिसात, ते रंगखात्यात. निळ्या बोटांनी दिलेल्या त्या भाकरीला नाही म्हणायची सोय नव्हती.

सर्वपित्री अमावास्येला मात्र त्यांचे पाहुणे वेगळेच असत. गोडादऱ्यातल्या घराच्या गच्चीवर आपल्या पितरांचं पान मांडून झालं की ते शेजारी आणखी सहा घास ठेवत. सहाही गोऱ्या वैमानिकांचे.

महायुद्धात सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांच्या गावामागे, एक बॉम्बफेकी विमान कोसळलं होतं. आत सहा जण होते, असं सरकारी माणसांनी सांगितलं. गावाला पाच मृतदेह सापडले. सहाव्याची फक्त हवाई छत्री सागाला लटकलेली. मास्टरांच्या आजोबांनी आठ दिवस डोंगर धुंडाळला, शेवटी वाघाने नेलं असं धरलं आणि त्याच्याही नावाने घास ठेवू लागले. पण मन काही मानेना. मरताना नातवाला म्हणाले, "त्यानं काय व्हयनं, ते दख." तेव्हापासून सहाव्याचा शोध मास्टरांच्या गळ्यात.

त्या छत्रीच्या कापडाचा तुकडा त्यांच्या पाकिटात असे. मिलमध्ये नवं कापड आलं की शेजारी धरून बघायचे आणि बेधडक नापास करायचे. मालकांचं लाडकं कापडही त्यातून सुटलं नाही.

चारेक वर्षांपूर्वी त्यांच्या नातीने जुन्या विमानांची माहिती जमवणाऱ्या परदेशी मंडळींना ईमेल केला. उत्तर आलं. सहावा जगला होता! त्याचा पाय मोडला होता; डोंगरापलीकडच्या एका पावरा आदिवासी कुटुंबाने त्याला सांभाळलं, रेल्वेपर्यंत पोहोचवलं. पुढे नातवंडं खेळवून तो म्हातारपणी गेला. सोबत फोटो होता, खुर्चीत बसलेला चांगला गुटगुटीत आजोबा.

दुसऱ्या दिवशी मास्टरांचा चेहरा पडलेला. "धडधाकट माणसाचं श्राद्ध घातलं भो आम्ही. दोन पिढ्या."

मी म्हटलं, म्हणूनच तर इतका जगला, दरवर्षी इथून जेवण जात होतं. मास्टरांना तेव्हा पाहायला हवं होतं. हसून हसून खाली बसले आणि मग निळ्या बोटांनी डोळे पुसत राहिले. आजोबांना हे कळायला हवं होतं, म्हणाले. त्या अमावास्येला सहाव्या घासावर तूप जरा जास्त होतं. माफीचं.

मास्टर जाऊन आता दीड वर्ष झालं. यंदा सर्वपित्रीला मी गच्चीवर होतो. वहिनींनी, म्हणजे मास्टरांच्या पत्नीने, सहा घासांच्या शेवटी सातवा ठेवला, मास्टरांच्या आवडत्या वांग्याच्या भरताचा. कावळे आले, पाच घास संपले, पण भरताला कोणी शिवेना. माझा जीव कासावीस झाला. यांची काय इच्छा राहिली असेल?

वहिनी शांत होत्या. "थांबा भाऊ. सहावाना घास बाकी शे. पाहुणासना पहिले ते जेवतीन का?"

एक कावळा पुढे आला, तुपातला घास उचलून उडाला. मग दुसरा भरतापाशी उतरला.