डिंककाकांची न फाटणारी पुस्तकं

आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात डिंककाका बसायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल, आम्हाला कधी लागलं नाही. फाटलेली पुस्तकं वरून खाली जायची आणि पंधरा दिवसांनी तपकिरी रेक्झिनमध्ये घट्ट बांधून वर यायची. बत्तीस वर्षं हेच काम. माणूस तिरसट. फाटकं पुस्तक हातात आलं की आधी फाडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, मग दाभण उचलायचे. आणि दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे, की माझ्या हातून गेलेलं पुस्तक पुन्हा दुरुस्तीला आलेलं दाखवा, मिशी काढून देतो. मिशी शाबूत होती, आणि त्यांना तिचा फार अभिमान होता.

मी वर, देवघेवीच्या टेबलाशी. पुस्तक गेलं, शिक्का. पुस्तक आलं, शिक्का. सोळा वर्षं. आता गंमत ऐका. माझी मुलगी, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, सात वर्षांची झाली तरी वाचत नव्हती. अक्षरं येत होती, जोडाक्षरंही येत होती. पण पुस्तक हातात दिलं की आधी शेवटच्या पानावरचा आकडा बघायची, "एवढं?" म्हणायची आणि खाली ठेवायची. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. सत्र संपताना प्रत्येकाकडून एक अनोळखी पान मोठ्याने वाचून घेणार होत्या. जमलं नाही तर पोरगी पुन्हा त्याच वर्गात, आणि तिच्या मैत्रिणी पुढे. वर म्हणाल्या, तुम्ही तर ग्रंथालयात असता ना? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चाळीस हजार पुस्तकांची ऊठबस करणारी मी, आणि दिव्याखाली हा असा अंधार.

शोधाशोध सुरू केली. आमच्या ग्रंथपाल साहेबांनी 'सोपं वाचन' म्हणून एक वेगळं कपाट केलं होतं, तिथूनच सुरुवात. एका पुस्तकात झाड हिरवं होतं, पुढच्या पानावर पानही हिरवं होतं. भिंगरीने विचारलं, मग? मग काही नाही, संपलं पुस्तक. दुसऱ्यात एक ससा पहिल्या पानापासून दात घासत होता, शेवटच्या पानावर ते स्वच्छ झाले. सोपं असेल त्यात काही घडत नव्हतं आणि घडत असेल ते दीडशे पानांचं. बक्षीस लावून झालं, ओरडून झालं, एकदा पाठीत धपाटाही घातला आणि मग मीच रडत बसले.

शाळा सुटली की माझं काम संपेपर्यंत भिंगरी तळघरात बसायची. वर बसली की धुमाकूळ घालायची, म्हणून साहेबांचाच तसा हुकूम होता. एके दिवशी काकांनी एक जुनी गोष्ट उसवून ठेवली होती, एका गाढवाने सलून काढलं त्याची. पुस्तकाचा दोरा काढला की आठ-आठ पानांचे जुडगे सुटे होतात, त्यांना फॉर्मा म्हणतात. काका चहाला गेले होते. हिने वरचा फॉर्मा उचलला, शेवटचा आकडा बघितला. आठ. बसली की वाचायला!

मी खाली गेले तेव्हा ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत ती आठव्या पानाच्या तळाशी पोचली होती. आता फॉर्मा कुठे संपावा याचं गोष्टीशी काही देणंघेणं नसतं. छापणाऱ्याचा कागद संपला की तो संपतो. हा संपला होता असा: सिंहाने डोळे मिटून मान पुढे केली आणि गाढवाने कात्री उचलून एकदम.

"एकदम काय?" भिंगरीने विचारलं.

काका दारात उभे होते. उसवलेल्या पुस्तकाला परक्याने हात लावला की ते आकाशपाताळ एक करायचे. मी जीव मुठीत धरला. पण ते नुसतं म्हणाले, की पुढचा उद्या मिळेल. बालमानसशास्त्र वगैरे काही नव्हतं हो त्यात. दुसऱ्या फॉर्म्याची पानं डकवून दाबाखाली ठेवली होती, इतकंच.

पुढे रोज एक फॉर्मा, असे दहा दिवस गेले. साहेब पुस्तकाची चौकशी करायचे, आणि जन्मात खोटं न बोललेले काका सांगायचे, डिंक वाळला नाही. अकराव्या दिवशी गाढव संपलं, परीक्षेला दोन आठवडे उरले आणि भिंगरीने दुसरं पुस्तक मागितलं.

काकांची छाती फुगली. बालविभागातून त्यांनी स्वतः बांधलेली सात पुस्तकं आणवली, एकाहून एक मजेदार. भिंगरीने एक उघडलं, ते तिच्या बोटांवर मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं तर ओळीवर ठेवायला बोटच उरेना. चित्राचं मुखपृष्ठ कधीच काढून टाकलेलं, वर नुसतं तपकिरी रेक्झिन. तिने शेवटचा आकडा बघितला आणि पुस्तक खाली ठेवलं.

काकांनी ते उचललं आणि मागची तारखांची चिठ्ठी उघडली. पुस्तक बांधताना जुनी चिठ्ठी ते जपून परत लावायचे, पण वाचायचे कशाला? वरचा अर्धा कागद शिक्क्यांनी भरलेला होता. पुस्तक बांधलं त्या दिवसानंतर कोरा. त्यांनी दुसरं बघितलं, तिसरं बघितलं, सातही बघितली.

मग ते जिना चढून वर आले आणि सात पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली.

"ही दुरुस्तीला परत का येत नाहीत ते तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले.

शिक्के माझेच. नाही म्हणायला जागा नव्हती. "होतं," मी म्हणाले.

"मग बोलला का नाहीत, ताई?"

तुमच्या मनाला लागेल म्हणून, हे उत्तर तोंडाशी आलं होतं, आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं मी सांगून टाकलं. "कोणी न नेलेल्या पुस्तकावर शिक्का मारावा लागत नाही, काका. तेवढं माझं काम वाचत होतं."

चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते पुस्तकं उचलून खाली गेले. थोड्या वेळाने मी मागोमाग गेले, तर पातं घेऊन ते पहिल्या पुस्तकाची पाठ कापत होते. शिलाई इतकी पक्की, की घाम फुटला त्यांना. पहिला फॉर्मा सुटला तसा त्यांनी तो भिंगरीच्या हातात दिला.

परीक्षेत भिंगरी तीनदा अडखळली, दोनदा चुकली, पण पान संपवलं. बाईंनी पुरे म्हटलं तर हिने पान उलटलं. प्रगतिपत्रकावर शेरा आला: "वाचते. थांब म्हटलं तरी थांबत नाही. पालकांनी लक्ष द्यावे." जन्मात इतकी गोड तक्रार ऐकली नव्हती मी. डोळे पुसत तळघरात धावले.

काकांच्या हातातही कागद होता. निवृत्तीला वीस दिवस असताना सुस्थितीतली सात पुस्तकं फाडल्याबद्दल साहेबांनी खुलासा मागितला होता. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. खाली काकांनी लिहिलं होतं, "ही पुस्तकं इतक्या वर्षांत कोणी नेली नाहीत. ती मी बांधली होती." साहेबांनी त्यावर ठपक्याचा शेरा मारून ते फाइलला लावलं आणि काका त्या शेऱ्यासकट निवृत्त झाले.

सुटे फॉर्मे मात्र पाकिटांत घालून मी बालविभागात ठेवले. ते फाटतात, चुरगळतात, हरवतात. शाळा सुटली की माझ्या टेबलासमोर पोरांची ही रांग लागते, आणि प्रत्येकाला पुढचं पाकीट आजच हवं असतं. शिक्के मारून मारून संध्याकाळी मनगट ठणकतं, आणि घरी मला त्याबद्दल चकार शब्द काढायची सोय नाही, भिंगरी वाचत बसलेली असते.