शुक्रवारचं अंगण

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, गावाकडे आईजवळ नाही. देवीजवळही नाही. तिच्यासमोर उभा राहिलो की मी डोळे मिटून घेतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं, माणूस भाविक आहे.

तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. पण आता सुरुवात केली आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील तालुक्याच्या जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गासड्या उचलायचे. मुलाखतीसाठी मी बंगळूरला आलो तेव्हा अंगावरचा कोटसुद्धा मास्तरांचा होता. उतरलो होतो चिकपेटच्या मागच्या धर्मशाळेत. सकाळी पाय मोकळे करायला निघालो, आणि त्या गल्लीत अंबाबाईचं लहानसं देऊळ दिसलं. एवढ्या लांब, कानडी मुलखात, आपली देवी! मी आत गेलो आणि कुणी नाही असं बघून मोठ्यानं बोललो, "आई, एवढी नोकरी लागू दे. दर शुक्रवारी तुझं अंगण झाडीन. जन्मभर."

मागून आवाज आला, "देवीनं ऐकलं. मीही ऐकलं की."

त्या अक्का. कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातल्या विधवा सून. मूलबाळ नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून देवीची समई त्याच लावत. घरात त्यांचा म्हणून तेवढाच एक हक्क होता. त्यांचं मराठी मला अर्धं कळायचं, मधूनच कानडी येई. मला त्या तम्मा म्हणाल्या, म्हणजे धाकटा भाऊ. म्हणाल्या, "हे बघ तम्मा, बोललास ते बोललास. उद्या आईला ऊन सांगू नकोस, पाऊस सांगू नकोस."

नोकरी लागली. सरकारी कारखान्यात, इंजिनिअर म्हणून. आणि मी शब्द पाळला — हे सांगायला मला आजही बरं वाटतं, आणि तेच वाईट आहे. दोन वर्षं एक शुक्रवार चुकला नाही. पहाटे सायकलवरून जायचो. अंगणात बदामाचं झाड होतं, तळहाताएवढी लाल पानं पडलेली असत. खराट्यानं ती कोपऱ्यात लोटायची, पाणी शिंपडायचं. मग अक्का पितळी पेल्यात कॉफी देत आणि उरलेलं एखादं पान दाखवून म्हणत, "स्वल्प तिकडे राहिलं बघ, इंजिनिअर!" त्या अंगणात मी कुणाचाच साहेब नव्हतो आणि कुणाचाच नोकर नव्हतो. तितका सुखी मी नंतर कधी झालो का?

मग देवी देतच गेली. मी कायम झालो. बढती मिळाली. आमचे मोठे साहेब पुण्याचे. त्यांच्या बाईंनी मला दोनदा जेवायला बोलावलं, आणि तिसऱ्यांदा त्यांची भाची आली होती. माझ्यासारख्याला असं स्थळ! गावाकडे आईनं साखर वाटली.

आणि तेव्हापासून — कसं सांगू — माझा पंचा वर सरकू लागला. झाडताना तो आधी कमरेला असायचा. मग डोक्याला आला. मग तोंडावर. साहेबांच्या घरचं कुणी चिकपेटात आलं तर? पहाटे कोण येणार होतं? तरीही.

"धूळ फार उडते का रे?" अक्कांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ते पहिलं खोटं. पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते हे नव्हे.

आमच्या मराठी मंडळींचा गणपती असे. त्या वर्षी जुन्या घराण्यांनाही आमंत्रण होतं. मी कोट-टाय घालून साहेबांच्या बाईंशेजारी उभा होतो. लग्नाची बोलणी त्याच आठवड्यात व्हायची होती. आणि समोरून अक्का आल्या. नऊवारी नेसलेल्या, मागे नैवेद्याचा डबा घेतलेला पुतण्या. त्याचं चिकपेटात साड्यांचं दुकान. पहाटे तो कधी देवळात येत नसे, मला त्यानं पाहिलेलं नव्हतं. अक्कांचा चेहरा असा फुलला! बाईंना म्हणाल्या, "हा आमचा तम्मा. दर शुक्रवारी आमच्या देवळाचं अंगण झाडतो की. असं लख्ख झाडणारं कुणी मिळायचं नाही."

"झाडतो?" बाई हसल्या. मागून आमच्या ऑफिसातलं कुणी म्हणालं, "काय हो, पगार पुरत नाही वाटतं?" सगळेच हसले. वाईट हसू नव्हतं ते. मीही हसून हो म्हणालो असतो तर? तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही.

मी म्हणालो, "आजी, तुमची काहीतरी चूक होतेय. मी तुम्हाला ओळखत नाही."

आजी म्हणालो. अक्का नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "होय की. डोळे गेले माझे. माणूस माणसासारखं दिसतंय." मला वाचवायला त्यांनी दोष स्वतःच्या डोळ्यांवर घेतला, आणि पुतण्यानं तो खरा मानला.

त्या शुक्रवारी मी गेलो नाही. पुढच्याही नाही.

दोनेक महिन्यांनी गेलो, तेही स्वतःहून नव्हे. लग्नाच्या साड्या घ्यायला बाई मला घेऊन नेमक्या अक्कांच्या पुतण्याच्याच दुकानात आल्या, आणि देऊळ चार घरांवर. मी कसलंसं निमित्त काढून निसटलो. अंगणात पानं साचली होती. अक्का बाहेर ओट्यावर बसून वाती वळत होत्या. मी दारातच होतो, तोच म्हणाल्या, "तम्मा, कॉलरचं बटण सुटलंय तुझं."

आत समई पेटलेली होती. मी तिकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "पुतण्या लावतो आता," म्हणाल्या. "मला दिसत नाही ना. लुगडं पेटेल म्हणतो. मी वाती करून देते, तेवढं पुरे."

पुतण्या दुकानात होता, हाकेच्या अंतरावर. त्याला एकच वाक्य सांगायचं होतं — अक्कांना नीट दिसतं, खोटं मी बोललो. पण दुकानात त्याच्यासमोर बाई बसल्या होत्या. मी तसाच उभा राहिलो. हात कॉलरकडे गेला आणि मी बटण लावलं. होय, तेवढंच केलं.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "जा. तुझी माणसं थांबलीत."

खराटा भिंतीला टेकलेला होता. मी त्याला हात लावला नाही.

त्या आणखी तीन वर्षं जगल्या. समई पुन्हा त्यांच्या हाती आली नाही. शेवटपर्यंत दुसऱ्यानं लावायच्या दिव्यासाठी त्या वाती वळत राहिल्या. हे मला उडत उडत कळलं. मी गेलो नाही.

मला वाटत होतं, देवी दिलेलं काढून घेईल. वाट पाहिली मी. तिनं काहीच घेतलं नाही. नोकरी आहे, क्वार्टर आहे, दोन गुणी मुली आहेत, बायको माझ्यावर विश्वास ठेवते. गेल्या साली पुन्हा बढती झाली. ऑफिसात लोक म्हणतात, तुमच्यावर देवाची कृपा आहे. ते खरंच आहे. मागितलं तेवढं सगळं मिळालं. बदल्यात एक अंगण झाडायचं होतं.

अक्कांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्या दिवशी गणपतीसमोर त्यांना मी स्पष्ट दिसत होतो.