गुपित घेऊन बाहेर गेलेली माणसं

जन्मभूमी सोडणाऱ्या माणसाला निरोपाच्या क्षणी पूर्वजांची हाक ऐकू येते, असं थोर लोकांनी लिहून ठेवलं आहे. मला कंडक्टरची ऐकू आली. ‘‘ओ अमेरिकावालं, खाली उतरा. धक्का मारायचाय.’’

सत्तरच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. घोटावड्याच्या थांब्यावर एसटी बंद पडली होती. मला पोचवायला आलेली आमची सगळी वस्ती गाडीच्या मागे लागली. मी गळ्यात हार घालून ढकलत होतो. शेजारी वडील, म्हणजे आप्पा, ढकलत होते. उपदेश करायला त्यांनी नेमकी तीच वेळ निवडली.

‘‘दिनू, तितं एकांदं दार बंद दिसलं तर लगीच ठोकू नगं. का बंद हाय ते इचार. कारण सांगितलं तर भाईर थांब. न्हाई सांगितलं तर मग ठोक.’’

‘‘आन् सुटर घालत जा,’’ मागून आई म्हणाली. ती ढकलत नव्हती. परगावी निघालेल्या माणसाच्या गाडीला बाईमाणसानं हात लावू नये असं तिचं मत होतं. गाडी सुरू झाली, मी धावत चढलो, आणि रडायचं राहून गेलं.

आप्पांचं वाक्य गावाकडच्यांना समजावून सांगायला नको. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या मुलांसाठी सांगतो. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, गाव पलीकडे. गावच्या देवळात आणि विहिरीवर आम्ही जायचं नाही असा नियम होता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर निदान त्यात पळवाट शोधता आली असती. मी लहान असतानाच आम्ही बौद्ध झालो आणि देव सोडले, त्यामुळे देवळाचा प्रश्न परस्पर मिटला. विहिरीचा मिटायला आणखी काही वर्षं गेली. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘‘पयल्यापास्नं असंच हाय.’’ आप्पा म्हणत, हे कारण न्हाई, हे नुसतं वय झालं.

मी पोचलो ते विद्यापीठ मक्याच्या शेतांच्या मधोमध होतं. क्षितिजापर्यंत एक टेकडी नाही. आमच्या मुळशी तालुक्यातल्या माणसाला जिकडे पाहावं तिकडे डोंगर आडवा येण्याची सवय असते. मला पहिले काही महिने उघड्यावर झोपल्यासारखं वाटायचं. विमानविद्येच्या विभागात विद्यार्थ्यांनी स्वतः एक रॉकेट बांधायला घेतलं होतं. ते उंच जाऊन वरच्या हवेचं तापमान मोजणार आणि पॅराशूटने खाली येणार. वर जाण्याचं काम सगळ्यांना हवं होतं. खाली येण्याचं कुणालाच नको होतं, म्हणून ते मला मिळालं.

पॅराशूटचं कापड, त्याच्या शिवणी, ते उघडताना बसणारा झटका, हा माझा प्रबंध ठरला. प्रबंधावर असिस्टंटशिप, असिस्टंटशिपवर व्हिसा. एक गाठ सुटली तर मी परत घोटावड्याच्या थांब्यावर. आईला पत्रातून हे सगळं कळवलं. तिने शेजारच्या मुलीकडून उत्तर लिहून घेतलं: ‘‘शिवणकाम शिकाया येवढ्या लांब कशापायी गेला? हितं पिरंगुटात शिंपी न्हाईत व्हय?’’

मग लष्कराने जुनं झालेलं एक रॉकेट-इंजिन विद्यापीठाला दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनाबरोबर एक कायदाही आला. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

कायदा शस्त्रांच्या निर्यातीचा होता. त्यात शस्त्रांची यादी होती आणि यादीत रॉकेट होतं. रॉकेट देशाबाहेर पाठवणं ही निर्यात, हे मलाही समजण्यासारखं होतं. पण त्याची आकृती परक्या देशाच्या माणसाला दाखवणं, तो इथेच समोर बसलेला असला तरी, हीसुद्धा निर्यातच. अमेरिकेत पोचायला मला तीन विमानं बदलावी लागली होती. त्या आकृतीला हिंदुस्थानात जायला टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकणं पुरेसं होतं.

विद्यापीठाच्या कचेरीतून एक साहेब आले. टाय लावून उभे राहिले आणि स्वतंत्र जगाच्या सुरक्षिततेवर बराच वेळ बोलले. तालुक्याला सभापतींची भाषणं मी ऐकली होती, त्यामुळे परकं वाटलं नाही. भाषणाचा अर्थ एवढाच, की परदेशी विद्यार्थ्याला या प्रकल्पातून काढून टाकावं. सोळा जणांत परदेशी मी एकटा होतो, तरी ते माझं नाव न घेता बोलले. असं नाव न घेता बोललेलं मला लगेच ओळखू येतं.

लॅबची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस वॉल्श मागे बसल्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या, चष्मा साखळीला अडकवलेला. लॅबच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. प्रोफेसरसुद्धा कपाट उघडायचं तर त्यांना विचारत. भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘कलम कोणतं?’’

साहेब म्हणाले, कायद्याचा एकूण आशय तसा आहे.

‘‘आशयाला कुलूप लावता येत नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मला कायदा पाठवा. वाचते.’’

ते दोन-तीन दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. ट्रंक कॉटखालून ओढली, पुन्हा आत सारली. आप्पांचं वाक्य आठवलं, पण इथे ते नीट बसेना. दार बंद होतं, कारणही सांगितलं होतं, आणि कारण खोटं नव्हतं. माझ्या देशाने वर्षा-दोन वर्षांपूर्वीच वाळवंटात अणुचाचणी केली होती. तिला शांततेची म्हटलं होतं, पण स्फोटाला विशेषण लावलं की समोरचा अधिकच सावध होतो. मग आता मुकाट्याने बाहेर थांबायचं?

सोमवारी बाई आल्या त्या पूर्ण कायदा वाचून. मी पुढच्या आयुष्यात अनेक कायदेपंडित पाहिले, पण शेवटचं पान उलटून येणारी माणसं फार थोडी. त्यांनी प्रोफेसरांच्या समोर सांगितलं, की मनाई इंजिनाच्या आणि दिशा देणाऱ्या यंत्रणेच्या माहितीला आहे. जे पुस्तकांत छापून ग्रंथालयाच्या फळीवर ठेवलंय, जे कुणीही वाचू शकतो, त्याला नाही. म्हणजे मी पॅराशूट करायचं, पण त्यातली प्रत्येक गोष्ट छापील पुस्तकातूनच घ्यायची. आणि मी शोधेन तेही सगळं छापायचं, लपवायचं नाही. इंजिनाच्या खोलीला कुलूप. विद्यापीठाने सरकारला लेखी विचारून खात्री करून घ्यावी, आणि उत्तर येईपर्यंत मी कापड शिवावं. साहेबांनी विचारलं. उत्तर यायला बराच काळ लागला, पण बाईंचं वाचन बरोबर निघालं.

खरी अडचण आली गुरुवारच्या बैठकीत. पहिला भाग उघडा, दुसरा गुप्त. पहिल्याच गुरुवारी गुप्त भाग आला तेव्हा स्टीव्ह नावाचा आमचा म्होरक्या सहज म्हणाला, ‘‘दिनू, तू जरा बाहेर थांबतोस?’’ स्टीव्ह चांगला मुलगा होता. मला पहिल्या थंडीत त्याने स्वतःचा कोट दिला होता. त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. मी उठलोही. बाहेर थांबायचं कसं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. पाय आपोआप वळतात.

‘‘खाली बस,’’ मिसेस वॉल्श मला म्हणाल्या. मग बाकीच्यांकडे वळल्या. ‘‘गुपित तुमचं आहे. तुम्ही ते घेऊन बाहेर जा.’’

पहिला स्टीव्ह उठला. खुर्च्या सरकल्या. पंधरा अमेरिकन पोरं आणि एक प्रोफेसर, कॉफीचे पेले हातात घेऊन, ओळीने शेजारच्या बॉयलरच्या खोलीत गेले. त्या इमारतीत दुसरी रिकामी जागा नव्हती. दार लागलं. बाई आपल्या कपाटांकडे गेल्या. आतून बॉयलरची घरघर आणि त्यावरून ओरडून बोललेलं गुपित यांचा मिळून एकच आवाज येत होता. त्यातला शब्दही कळत नव्हता. मी मोठ्या टेबलापाशी एकटा बसलो होतो. समोर डोनटचा पूर्ण खोका.

मी खोक्याला हात लावला नाही. विहिरीवरच्या आज्या, पणज्या, घागर खाली ठेवून कुणी वरून पाणी ओतेल म्हणून उभ्या राहिलेल्या सगळ्या बायका त्या रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसल्या आहेत, असं काहीतरी मनात आलं. असलं काही मनात आलं की मी सहसा त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी ठेवला.

पुढे एकदा मी बाईंना विचारलं, असं का केलंत? मला वाटलं त्या माणुसकीवर काही बोलतील. त्या म्हणाल्या, ‘‘एकाला बाहेर काढणं सोपं असतं. सोपं झालं की माणसं नियम वाचायचं सोडतात, नुसतं माणूस काढतात. आणि पंधरा जणांना उकडायला लागलं की बैठक लवकर संपते.’’ ते खरं होतं. तासभरासाठी आखलेला गुप्त भाग बॉयलरपाशी लवकरच आटोपू लागला. जे अगदी गुप्त असेल तेवढंच ते आत घेऊन जाऊ लागले; बाकीचं, लक्षात आलं, गुप्त नव्हतंच.

एकदा घाईत कुणीतरी एक आकृती टेबलावरच विसरून गेलं. माझ्यापासून हातभर अंतरावर. वरचा कोपरा तेवढा दिसला आणि मी हातातलं पॅराशूट तिच्यावर पसरून टाकलं. मी ती पाहिली असं कुणी म्हटलं असतं तर प्रकल्प बंद पडला असता, आणि मी पहिल्या विमानाने परत. पण तेवढंच नव्हतं. माझ्यासाठी सोळा माणसं दर आठवड्याला घामाघूम होत होती; त्यांचा नियम आता माझाही झाला होता. मी मिसेस वॉल्शना हाक मारली. त्यांनी माझ्याकडे न बघता कापडाखालून कागद ओढून घेतला, बॉयलरच्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘‘देशाला धोका आहे तो या खोलीतून. टेबलापाशी बसलेला मुलगा ठीक आहे.’’ स्टीव्ह कानापर्यंत लाल झाला. उकाड्यानेही झाला असेल.

रॉकेट उडालं ते लष्कराच्या तळावरून. तिथे मला प्रवेश नव्हता. कारण लेखी दिलं होतं. मी लॅबमध्ये टेलिफोनपाशी बसलो. मिसेस वॉल्शना जाता आलं असतं, त्या गेल्या नाहीत. फोन कुणीतरी घ्यायला हवा, म्हणाल्या. तो वाजला तेव्हा त्यांनी मलाच घ्यायला सांगितलं.

‘‘उघडलं!’’ स्टीव्ह ओरडत होता. ‘‘दिनू, पूर्ण उघडलं! एक शिवण उसवली नाही!’’

‘‘किती उंचीवर?’’

‘‘ते... तुला सांगता येणार नाही.’’

आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी तिथल्याच वर्तमानपत्रात ती उंची छापून आली. मिसेस वॉल्शनी बातमी कात्रीने नीट कापली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘आता तू विचारू शकतोस.’’

पदवी मिळाली, पॅराशूटच्याच धंद्यात नोकरी लागली, आणि काही वर्षांनी मी त्या देशाचा नागरिक झालो. शपथेच्या दिवशी न्यायाधीश म्हणाले, आजपासून या देशातलं प्रत्येक दार तुमच्यासाठी उघडं आहे. टाळ्या झाल्या. कायद्यापुरतं ते खरंच होतं. इंजिनाच्या आकृत्या मला आता खुशाल पाहता आल्या असत्या. त्याच कायद्याने, ज्या माणसांना आता मी काही दाखवू शकत नव्हतो त्यांत माझे आईवडील आले. लष्करासाठी आता मी सैनिकांची पॅराशूटं काय कापडाची करतो, हे आप्पांना सांगणं म्हणजे निर्यात.

आप्पा पुण्याच्या एका सरकारी कारखान्यात होते. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. तो कारखाना दारूगोळ्याचा होता, एवढं फाटकावरच्या पाटीवरून कळायचं. हे मी इथवर सांगितलं नाही, कारण त्यांनीही आम्हाला कधी सांगितलं नाही. ‘‘तितं काय बनवता?’’ असं आईने विचारलं की म्हणत, ‘‘पगार.’’ निवृत्त झाले तरी तोंड उघडलं नाही. गुपित राखायची सहीच केली होती म्हणे.

घर कशाला म्हणायचं, याचा मी परक्या गावी पुष्कळ विचार केला आहे. जिथे कुणी आपल्याला बाहेर थांब म्हणत नाही ते घर, असं मी म्हणत आलो. आता ऐंशीचं दशक संपत आलंय. दर दोन वर्षांनी घोटावड्याला जातो, तेव्हा आप्पा आणि मी संध्याकाळी ओट्यावर बसतो. त्यांच्या कामाबद्दल त्यांना बोलता येत नाही, माझ्या कामाबद्दल मला. आम्ही शेजारच्या रिहे गावच्या भातखाचरांतल्या आंबेमोहोराबद्दल बोलतो. त्याला दोन्ही सरकारांची हरकत नाही.