सतरा सह्या आणि एक

माझ्या धाकट्या मेव्हण्याने मला फसवलं, आणि तेही माझ्याच कामात. तरी सांगतो, सरकारी योजना हुडकून काढणारा त्याच्यासारखा माणूस तळेऱ्यापासून दोडामार्गापर्यंत मिळणार नाही. शेततळं, फळबाग, बांधबंदिस्ती, माकडांपासून बचावाचं कुंपण. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय, ते टेबलामागच्या माणसाआधी याला ठाऊक. खताच्या रिकाम्या पिशवीत गावाचे सातबारे घेऊन हिंडतो. पाऊस आला की छत्री पिशवीवर धरतो आणि स्वतः भिजतो. एरवी मालवणीशिवाय न बोलणारा हा माणूस कृषी कार्यालयाची पायरी चढला की छापील मराठी बोलू लागतो. एकदा दारात झोपलेल्या कुत्र्यालाही "कृपया बाजूला व्हावे" म्हणाला. कुत्रा उठला.

मी एका टोपलीभर नारळांवर धंदा उभा केलेला माणूस. कुणाला काही फुकट दिल्याचं मला आठवत नाही. काजूच्या कलमांसाठी मला शेततळं हवं होतं, पण सातबारावर माझ्यासकट अठरा नावं. आमच्याकडे जमीन कसतो एक आणि उताऱ्यावर नांदतं सगळं खानदान. प्रत्येकाची संमती लागते. मेव्हणा निघाला. कुणाला लग्नाच्या पंगतीत गाठलं, कुणाला पिंगुळीच्या स्टॉपवर, आणि सतराच्या सतरा सह्या आणल्या. तळं झालं, भरलं. पाहतो तर त्यातून एक काळा पाइप खाली माझ्या चुलतीच्या मळ्यात उतरलेला.

"ह्या काय रे?" मी ओरडलो.

"काकीची सही," तो शांतपणे म्हणाला. "पाणी दिलास तर सही करतंय म्हणाली. मी हो म्हटलंय."

"माका न विचारता?"

"भावोजी, तुमी घासाघीस करीत बसला असतास. म्हातारी मरान गेली असती."

चार महिने मी त्याच्याशी बोललो नाही. कलमं जगली, चुलतीची चवळीही.

मध्यंतरी चहाला आला तेव्हा मी मुद्दाम टोचलं, "गावाक योजना वाटतंस. तुझ्या काजीक कुंपण खंय?"

त्याने पिशवीच्या तळातून एक अर्ज काढला. त्याच्या सातबारावरच्या सगळ्यांच्या सह्या होत्या, एक जागा कोरी. "थोरल्यान सही करूक नाय."

अर्ज दरवर्षी शिळा होतो, दरवर्षी हा नवा लिहितो. माकडं येतात तेव्हा बागेत उभा राहून पत्र्याचा डबा बडवतो. थोरला भाऊ नाही म्हणत नाही. "बघूया" म्हणतो. मी स्वतः जाऊन आलो, नाही नाही ते देऊ केलं. मलाही चहा मिळाला, आणि "बघूया".

शुक्रवारी मुदत संपली. मेव्हण्याने अर्ज पुन्हा पिशवीच्या तळाशी सरकवला आणि दुसऱ्या कुणाची तरी सही आणायला चढण चढू लागला. आता तो वाटेत दोनदा थांबतो.

थोरले मेव्हणे हे वाचतील. त्यांनी मला उत्तर द्यावं. त्या एका सहीची काय किंमत आहे, ती सांगावी. मी घासाघीस करणार नाही.