वार कुठे गेली

माझं पहिलं बाळंतपण अमरावतीला, आईकडे. मी अकोल्याला शाळेत शिकवत होते, चार बुकं शिकलेली, तेव्हा बाळंत व्हायचं ते दवाखान्यातच हा माझा हट्ट. आईचा दवाखान्यावर काडीचा विश्वास नव्हता. मुलगा झाला हे कळल्यावर तिने नर्सला पहिला प्रश्न केला, "वार कुठी हाये?"

बाळामागून पडणारी वार अंगणात न्हाणीपाशी खोल पुरायची आणि बाळंतिणीने त्या जागेवर अंघोळ करायची, ही आमच्याकडची रीत. ती भलतीकडे गेली, कुत्र्याने उकरली, तर बाळंतिणीचं दूध आटतं, असं आईचं ठाम मत. नर्स म्हणाली, जाळली. झाडणारी बाई म्हणाली, पुरली.

"दोघी दोन सांगून राह्यल्या," आई म्हणाली. "इकली असन कोनाले."

"आपण बौद्ध झालो ना? मग हे कशाला?"

"देव सोडले. वार नाई सोडली."

मी हसले खरी, पण दूध उतरेना तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली. डॉक्टरीणबाई आमच्या खाटेपाशी आल्या की नजर चुकवायच्या. शेवटी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

शेजारच्या खोलीत स्टोव्ह भडकून भाजलेली एक सून होती. माझ्या वारेवरचा पातळ पापुद्रा काढून, धुऊन त्यांनी तिच्या छातीवर आणि हातांवर घातला होता. त्याने जखम झाकली जाते, आग कमी होते, म्हणाल्या. उरलेली वार जाळली होती.

"मग आम्हाला विचारलं का नाही?"

"तुमच्या आई हो म्हणाल्या असत्या?" मग आवाज खाली करून, "तिकडे बोलू नका. त्यांनाही विचारलेलं नाही."

तिकडचं घर भिक्षुकी करणारं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हाला विचारलं नाही कारण आम्ही अडाणी, त्यांना विचारलं नाही कारण ते सोवळ्यातले. मग विचारायचं तरी कोणाला? दूध पुढे यथावकाश उतरलं, पण माझा संशय काही गेला नाही. आजही कोणी रक्त काढलं की उरलेलं कुठे जातं ते मी विचारते. लोक हसतात.

आईला सगळं सांगितलं तशी ती उठली आणि त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग. सून डोळे मिटून पडली होती, सासू वारा घालत होती. आमची वस्ती तिला माहीत होती.

"तिथूनच बघा," सासू म्हणाली. "आत नका येऊ. शिवाशीव नको, ती आधीच अर्धमेली आहे."

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. आईने दंडाला असा चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ओढत बाहेर आणलं.

"सांगू नको. आत्ता ओरबाडून काढतीन. पोरीचा जीव जाईन."

"तुला राग नाही आला?"

"आला न." ती भिंतीला टेकून खाली बसली. "मले ईचारलं असतं तं म्या हो म्हनलं असतं. आता देल्ली असं म्हनताच येत नाई मले."