पांढऱ्या चादरीमागे

आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झाले आणि त्यांच्या अंगात एक जुना सिनेमावाला संचारला. मूकपटाच्या काळातला मराठी माणूस. चांगला चाललेला छापखाना सोडून त्याने घरदार पणाला लावलं, सिनेमे काढले, आणि बोलपट आल्यावर मागे पडला. त्याच्यावर मराठी मंडळासाठी मोबाईलवर छोटी फिल्म करायची, असं यांनी ठरवलं.

मला मात्र त्याच्या बायकोचं कौतुक. सिनेमातल्या अख्ख्या मंडळींचा स्वयंपाक तिने करायचा, रात्री फिल्म धुवायची, आणि दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा. तिचं काम मलाच मिळणार, हे मी धरूनच चालले होते. नऊवारीसुद्धा काढून ठेवली होती.

काम मिळालं माझ्या धाकट्या जावेला.

"तिचा चेहरा फोटोत चांगला येते," हे म्हणाले. "तू मागचं सांभाळ."

त्या काळी पडद्यावर यायला बाई मिळेना, म्हणून पुरुष लुगडी नेसले. आमच्या विजय नगरच्या घरात दोन बायका तयार होत्या, तर एकीला पोहे करायला बसवलं. जळले मी, अगदी मनापासून जळले. जाऊ माझीच नऊवारी नेसून गच्चीवर आली. ती तिला शोभत होती, हे तर आणखीच झोंबलं.

शॉट असा: ती चादर धरून उभी. पण तिच्याच तोंडावर सावली पडत होती, म्हणून तिच्यासमोर दुसरी चादर धरून मी उभी!

"ताई, थोडा ऊपर करा ना, डोळ्यांत ऊन येऊन राहिलं."

येऊ दे, मी मनात म्हटलं. चादर जरा पुढे सरकवली, म्हणजे निदान माझी बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या तरी कोपऱ्यात येतील. नंतर मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं, आल्या होत्या. तेवढ्यावर मी खूश होते.

मंडळात फिल्म लागली. तो शॉट आला तेव्हा मी फक्त कोपरा पाहत होते. कोपरा रिकामा होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय तेज आहे हो तुमच्या जावेच्या चेहऱ्यावर!"

घरी येताना ऑटोत मी यांना विचारलं, "माझा हात होता न तिथं?"

"अच्छा, तो! मधातच येऊन राहिला होता. कापला मी," हे म्हणाले, आणि पुढे वाकून ऑटोवाल्याला वळण दाखवायला लागले.

पुढच्या रविवारी यांना आणखी एक शॉट जोडायचा होता. जाऊ नटूनथटून वर गेली. चादर मीच धुऊन, वाळवून ठेवली होती. ती मी आमच्या पलंगावर अंथरली आणि पाय पसरून पडले.

गच्चीवरून हाक आली, "अगं, कुठं राहिली तू? हिच्या तोंडावर अंधार येऊन राहिला!"

येऊ दे म्हटलं, आणि कूस बदलली.