मंगलाष्टकाचा कॉल

ताईचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. हॉल कुठलाही चालेल, जेवणात सगळ्या लग्नांत असतं तेच पनीर असलं तरी चालेल, पण बाबांचं मंगलाष्टक झाल्याशिवाय अंतरपाट खाली येणार नाही.

आमच्याकडे ही पद्धतच आहे. भटजींची मंगलाष्टकं होतातच, पण शेवटचं एक घरातलं कोणीतरी स्वतः रचून म्हणतं. ‘सावधान’ आलं की सगळ्यांनी अक्षता टाकायच्या. दिल्ली कॅंटमधल्या आमच्या क्वार्टर्समध्ये मराठी लग्न असलं की हे काम बाबांचं. वृत्तात बसायचं नाही ते बिल्कुल, पण आवाज असा की मांडवाला माइकची गरज नाही. आणि नेमकी ताईच्याच लग्नाला बाबांची रजा रद्द झाली. ते वर होते, बर्फात, सरहद्दीवरच्या पोस्टवर.

बाबांचा फोन रविवारी यायचा. तिथे एकच फोन, मागे जवानांची रांग. त्यामुळे बाबा श्वास न घेता बोलायचे. “बरी आहेस ना, जेवतेस ना, ताईला दे, आईला दे, चल ठेवतो, मागे लाइन आहे.” आमचं अर्धं लहानपण बाबा म्हणजे हे असे होते, खरखर करणारे आणि घाईतले.

तर त्यांच्या युनिटमध्ये एक तरुण कॅप्टन होते. त्यांच्याकडे अंगठ्याएवढा एमपीथ्री प्लेअर होता, रेकॉर्डिंगवाला. त्यांनी बाबांचं मंगलाष्टक त्यात भरून घेतलं, रजेवर खाली उतरले आणि जम्मूच्या सायबर कॅफेतून मला मेल केली. इथपर्यंत सगळं मस्त! पण मी त्यांना पत्ता कुठला दिला होता? ऑफिसचा. मी नुकतीच गुडगावला कॉल सेंटरमध्ये लागले होते. काचेच्या बिल्डिंगचा तो ईमेल आयडी मला इतका आवडायचा की मी तो मैत्रिणींना, मावशीला, दूधवाल्याच्या मुलीलासुद्धा देऊन ठेवला होता.

शुक्रवारी दुपारी शिफ्टच्या आधी मेल उघडली. “सूबेदार साहब की आवाज भेज रहा हूं. दीदी को बहुत बहुत बधाई.” आणि खाली लाल पट्टी. एमपीथ्री फाइल कंपनीच्या नियमात बसत नाही, म्हणून आयटीकडे अडवून ठेवली आहे.

कॅप्टनसाहेबांना फोन लावला. बंद. ते ट्रेनमध्ये. लग्न रविवारी सकाळी.

आमच्या फ्लोअरवर गाणं ऐकायची सोयच नव्हती. सीडी नाही, पेन ड्राइव्ह नाही, मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. एकच आवाज त्या कॉम्प्युटरवर वाजायचा, तो म्हणजे कस्टमरच्या कॉलचं रेकॉर्डिंग, तेही कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये. मी धावत आयटीवाल्याकडे गेले. मानेसरकडचा मुलगा, सगळे त्याला भाई म्हणायचे.

“भाई, मेरी एक फाइल अटकी है. गाना नहीं है, कसम से.”

“सब यही कहते हैं, मैडम. पिछले हफ्ते एक ने भजन बताया था. खोला तो डिस्को.”

“मेरे पापा हैं उसमें.”

तो खुर्चीत वळला. “पापा एमपीथ्री में हैं?”

मग मी सगळं सांगितलं. बर्फ, अंतरपाट, रविवार, सगळं एका दमात. त्याने डोकं खाजवलं. “देखो, एमपीथ्री तो मैं किसी को नहीं दे सकता. पापा को कॉल बनाना पड़ेगा.”

ते काम क्वालिटीच्या मॅडमकडे. ही माझ्याहून थोडीशीच मोठी पंजाबी मुलगी. आमचे कॉल ऐकून मार्क द्यायची, आणि आम्ही सगळे तिला जाम टरकून असायचो. भाईने तिच्या मशीनवर फाइल सोडली, तिने ती कॉलच्या फॉरमॅटमध्ये फिरवली आणि एक हेडफोन मला दिला.

बाबा आले! पण इतके घाईत? एका कडव्यावर दुसरं कडवं, आणि धाडकन ‘सावधान’. संपलं.

“ये तो संडेवाले पापा हैं,” मी म्हटलं.

“अच्छा, इसने पॉज काट दिए होंगे,” ती म्हणाली. “सिस्टम खुद काटता है. डेड एअर.” कॉलमध्ये दोघंही गप्प राहिले की त्याला आम्ही डेड एअर म्हणायचो. त्याचे मार्क जायचे.

“वापस लगा ना, यार. प्लीज.”

तिने ते कापणं बंद करून फाइल पुन्हा फिरवली. परत ऐकलं. शेवटच्या कडव्यात आमच्या ट्रंका होत्या, प्रत्येक बदलीला रंगवलेल्या, आणि आता ही एक ट्रंक दुसऱ्या घरी निघाली, असं काहीतरी. आणि त्यानंतर, ‘सावधान’च्या आधी, बाबा थांबले होते. नुसता वारा. किती वेळ. मग घसा खाकरल्याचा आवाज.

बाबा गप्प झालेत असं मी कधी ऐकलंच नव्हतं. रविवारी त्यांना गप्प व्हायला वेळच मिळायचा नाही.

मॅडमने हेडफोन काढून ठेवला. “इसके तो मैं नंबर नहीं काटूंगी,” ती हळूच म्हणाली.

आता हे बाहेर कसं न्यायचं? मेलने जाणार नाही, सीडी करता येणार नाही. एकच रस्ता मोकळा होता. परदेशातल्या क्लायंटला कॉल ऐकायचे असले की मॅडम आपल्या डेस्कवरून फोन लावून ते वाजवायची. तिने आमच्या घरी फोन लावला.

“आई, फोन स्पीकरवर टाक. टेप जवळ ठेव, रेकॉर्डचं बटण दाब आणि गप्प बस. बाबांचा आवाज येईल. पण ते रेकॉर्डिंग आहे, कळलं?”

“मला काय खुळी समजलीस? लाव तू.”

मॅडमने वाजवलं. तिकडचं इकडे काही ऐकू येत नव्हतं. संपल्यावर मी विचारलं, “आलं नीट?”

“आलं, छान आलं,” आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. आमची आई कधी आधी फोन ठेवत नाही. पण माझी शिफ्ट सुरू होत होती, मी पळाले.

रविवारी अंतरपाट धरला. भटजींचं झालं. साउंडवाल्याने कॅसेट लावली आणि बाबा आले, पातळ, खरखरीत, फोनमधले. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. क्वार्टर्समधल्या सगळ्या काकूंचे नवरे आळीपाळीने असेच तर बोलत आलेत. ट्रंकांपाशी दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावले.

मग वारा. अक्षतांच्या मुठी वर तशाच राहिल्या. भटजी माझ्याकडे बघायला लागले. साउंडवाल्याचा हात बटणाकडे गेला, मी जोरजोरात मान हलवली. आणि स्पीकरमधून, सगळ्या हॉलभर, आईचा आवाज आला.

“हॅलो? अहो? आहात ना?” थोडं थांबून, “अहो बोला ना, मागे लाइन असेल.”

बाबांनी घसा खाकरला आणि म्हटलं, “सावधान!”

हॉल असा हसला की अक्षता निम्म्या भटजींच्या डोक्यावर पडल्या. अंतरपाट खाली आला तेव्हा ताईचं काजळ गालावर होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं. आई खाली मान घालून हातातली परडी सारखी करत होती, त्यात सारखं करण्यासारखं काही नसताना.

जेवणाच्या पंगतीत मी तिच्या शेजारी बसले. “आई, सांगितलं होतं ना, ते रेकॉर्डिंग आहे!”

“माहीत होतं गं,” ती म्हणाली. “पण एवढे गप्प झाले ते. कोणीतरी बोलायला नको का?”